तोटीपासून नऊ हातबदल

ड्रोगेपुत या आमच्या वाळवंटातल्या खाणगावात अंतर पावलांनी मोजत नसत. पाण्याच्या तोटीपासून भरलेली बादली घेऊन निघायचं, हात भरून आला की ती दुसऱ्या हातात घ्यायची. असे किती वेळा हात बदलले, त्यावर घर लांब की जवळ ते ठरायचं. आमचं घर चार हातबदल, शाळा सहा. मुलीला मागणी आली तरी तिची आई आधी विचारायची, तोटीपासून किती? दोन हातबदलांचं घर असेल तर सासू कशीही चालायची.

खाण बंद पडली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. छपरांचे पत्रे, दारं, खिडक्या, शाळेची घंटासुद्धा उचकटून नेली. मग वाऱ्याने भिंतींचा समाचार घेतला. आता तिथे टाकीचा सिमेंटचा चौथरा आहे, शाळेच्या दोन पायऱ्या आहेत आणि चहूकडे खडी नि वाळू. तरी दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिथे जमतो. कोणी विंडहुकहून येतं, कोणी स्वाकोपमुंडहून. प्रत्येक कुटुंब आपापल्या घराच्या जागी सतरंजी टाकतं, चूल होती तिथेच चूल मांडतं आणि बकरीचं मटण शिजवतं. जिथे भिंत होती तिथून कोणी आत आलं तर म्हातारी माणसं अजूनही दटावतात, "दार नाही का दिसत?" मग तो माणूस मुकाट्याने मागे फिरतो आणि नसलेल्या दारातून आत येतो.

जेवणं झाली की आठवणी सांगायच्या. नियम एकच, गेलेल्या माणसाचं वाईट बोलायचं नाही. त्यामुळे छड्या मारून बोटं सुजवणारे आमचे मास्तर दरवर्षी थोडे थोडे मायाळू होत गेले. आणि तोटीवाला कॉर्नेलियस तर देवमाणूसच झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी आगगाडीने पाणी यायचं, टाकीत भरलं जायचं आणि तोटीची किल्ली त्याच्याकडे असायची. त्याची बायको, लुक्रेशियामावशी, दरवर्षी उभी राहून एकच वाक्य म्हणते, "माझ्या कॉर्नेलियसने काठोकाठ भरल्याशिवाय कोणाला बादली दिली नाही." आम्ही टाळ्या वाजवतो. मीही वाजवते. वाजवून वाजवून मलाही ती काठोकाठ बादली आठवायला लागली होती.

या वर्षी मटण शिजायच्या आधीच सगळे गप्प गप्प होते. कोणत्या तरी नव्या कंपनीने जमीन घेतली आहे. सोमवारपासून तारेचं कुंपण. थडगी उकरून स्वाकोपमुंडच्या दफनभूमीत नेणार. चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर नावं आहेत, त्यांची काळजी नव्हती. आवाराबाहेरच्यांची जागा नातेवाइकांनी दाखवायची, तिथे नाव लिहिलेली खुंटी ठोकायची, आणि तेही त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. कंपनीची एक मुलगी खुंट्यांची पिशवी घेऊन गाडीपाशी बसली होती. बिचारी प्रत्येकाने दिलेलं खात होती.

माझा धाकटा भाऊ आवाराबाहेर होता. एकोणीस दिवसांचा होऊन गेला. पाद्री तीन महिन्यांनी एकदा यायचा, त्यामुळे त्याचा बाप्तिस्मा राहिला आणि बाप्तिस्मा राहिला म्हणून त्याला आवारात जागा मिळाली नाही. खूण करायला दगड मिळत नव्हते. आईने वडिलांच्या बियरच्या बाटल्या उलट्या पुरून गोल कडं केलं. माती उडू नये म्हणून दर रविवारी ती आमच्या आंघोळीच्या वाटची बादली तोटीवर भरून घ्यायची आणि टाकीपाशी प्रार्थना करून तिथूनच निघायची. तिथून सरळ, दोन सुळके असलेल्या डोंगराकडे तोंड करून, नऊ हातबदल. मी सात वर्षांची होते, मागून पत्र्याचा मग घेऊन जायचे.

आई आता त्र्याऐंशीची आहे. डोळ्यांना डोंगर दिसतो, सुळके दिसत नाहीत. स्वाकोपमुंडला वडिलांच्या शेजारी तिने स्वतःची जागा धरून ठेवली आहे. निघताना ती एवढंच म्हणाली होती की या बाजूला नवरा आहे, त्या बाजूला पोर पाहिजे.

आधी माझा थोरला भाऊ इमॅन्युएल बादली घेऊन निघाला. तो ट्रक चालवतो, दंड म्हणजे ओंडके. त्याचे तीन हातबदल झाले तेव्हाच तो कोरड्या नदीपाशी पोचला होता. अजून सहा झाले तर समुद्र लागेल, असं कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. आई हसली नाही. तिने मला हाक मारली. "एल्फी, तू उचल. तुझे खांदे माझ्यावर गेलेत."

मी कॅनमधून बादली भरली, अगदी काठापर्यंत, आणि चौथऱ्यावरून निघाले. आई कोपरापाशी माझी बाही धरून मोजत होती. नवव्या बदलाला थांबलो. इमॅन्युएलने लोखंडी सळई खुपसून पाहिली. वाळू आणि खडी. दुसऱ्यांदा निघालो, तिथेच आलो. तिसऱ्यांदाही तिथेच. शेजारपाजारचे सळया घेऊन आले, आणि अर्ध्या तासात ती जागा सायाळांनी उकरल्यासारखी दिसायला लागली. चार वाजले होते, समुद्राकडचा वारा सुटला होता.

आई वाळूत बसली. इमॅन्युएल हळूच म्हणाला की इथेच कुठेतरी असणार, इथेच खुंटी मारू, देवाला कळतंच.

"देवाला कळेल," आई म्हणाली. "पण मी कायमची झोपणार ना तिथे. शेजारी वाळूचं पोतं घेऊन झोपू?"

तेव्हा मला लुक्रेशियामावशी येताना दिसली. तिचं घर तोटीला लागून होतं, एक हातबदलसुद्धा नाही. दुपारभर ती आपल्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून आमच्याकडे बघत होती. आता ती उठून सरळ आमच्या रोखाने निघाली होती. तीन घरांच्या भिंतींतून आली, एकाही दाराकडे वळली नाही. कोणी दटावलंही नाही.

ती बादलीशी वाकली. "ही फार भरली आहे."

"काठोकाठच द्यायचे ना कॉर्नेलियसकाका?" मी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

मावशीने पंजा आडवा करून चार बोटं काठापासून खाली धरली आणि बादली कलती करून तेवढं पाणी वाळूत सोडलं. मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"ही माझी झाली," ती म्हणाली. "त्याची बोटं पावासारखी होती." आणि आणखी पाणी सोडलं.

बादली पाऊण भरलेली राहिली. माझ्या मागे कोणीतरी खाकरलं.

"टाकीमागे भोपळे होते," मावशी म्हणाली. "त्यांना लागायचं."

ते भोपळे सगळ्यांना आठवत होते. नाताळात कॉर्नेलियसकाका घरोघर एकेक फोड द्यायचे, पिवळीधमक. ड्रोगेपुतमध्ये तेवढीच हिरवी वेल होती. दर ऑगस्टला त्या फोडींचीही आठवण निघायची. त्या वेलीला पाणी कुठून येतं ते कोणी विचारलं नव्हतं.

मला वाटलं आई आता ऐकवणार. ती चांगली ऐकवते. पण ती वाळूत बसल्या बसल्या म्हणाली, "मला माहीत होतं, लुक्रे. रोज घरी येऊन शिव्या द्यायचे मी त्याला. टाळ्या वाजवता वाजवता विसरले बघ."

पुन्हा चौथऱ्यापासून निघालो. बादली हलकी होती, हात उशिरा भरून येत होता. पाचव्या बदलालाच आधी उकरलेले खड्डे दिसायला लागले, सातव्याला मागे पडले. नववा बदल झाला तिथेही वाळू आणि खडीच होती. पण आई खाली बसून तळहाताने जमीन चाचपत सुटली आणि आम्हीही पसरलो. डावीकडे वीसेक पावलांवर इमॅन्युएलच्या सळईखाली टक्क वाजलं. त्याने हाताने वाळू सारली. तपकिरी बाटलीचं बूड. मग दुसरं, तिसरं. अकरा निघाली. कडं केवढंसं होतं. मला ते मोठं आठवत होतं.

कंपनीची मुलगी धावत आली, पेन काढलं आणि नाव विचारलं. मी आईकडे पाहिलं. घरात आम्ही त्याला बाळच म्हणायचो, पाद्री येईपर्यंत नाव ठेवायचं नव्हतं.

"एफ्रायम," आई लगेच म्हणाली. "मी एकटीच हाक मारायचे."

खुंटी ठोकली. पाच वाजायला दहा मिनिटं होती. आईने पत्र्याचा मग बादलीत बुडवला, आणि सवयीने स्वतः ओतायच्या ऐवजी मावशीपुढे धरला. मावशी कड्याच्या बाहेर उभी होती, पाय मागे घेतला तिने.

"घाल," आई म्हणाली. "आणि आज तरी हात आखडू नकोस."

मावशीने तो मग घेतलाच नाही. वाकून बादली दोन्ही हातांनी उचलली आणि सगळं पाणी त्या कड्यात ओतलं. पाणी लगेच जिरलं. तिने बादली उपडी करून झटकली, तळाचे थेंबही ठेवले नाहीत.

परत येताना दोघी एकमेकींचा हात धरून पुढे चालत होत्या, मी रिकामी बादली घेऊन मागे. आमच्या घरापाशी आल्यावर मावशी सरळ भिंतीतून निघाली. आई थांबली आणि तिचा हात ओढला.

"दारातून ये," ती म्हणाली. "मटण आहे अजून."