धुळीची फेरी

चौथं बूच काही केल्या बसेना. गिलेननं ते दातांत धरलं, दाराची खालची कड चिंधीनं पुसली, ओठांना लागलेली तेलाची चव थुंकून टाकली आणि पुन्हा अंगठ्यानं दाबलं. टुप्प करून बसलं. निळी गाडी तिच्या डोक्यावर लिफ्टच्या हातांवर उभी होती आणि गाडीच्या पोटातून तेल ठिबकत होतं, काकवीसारखं, एकेक थेंब.

चार दारं, चार बुचं. रबराची, करंगळीच्या टोकाएवढी.

प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला एक बारीक भोक असतं ते पाणी निथळायला. पाऊस काचेच्या फटीतून आत उतरतो, हिवाळ्यात रस्त्यावर ओततात त्या मिठाचं पाणी आत शिरतं, आणि या भोकांतून मुकाट बाहेर पडतं. आत गंज रोखणारं तेल फवारायला आपण जी भोकं पाडतो ती बुचांनी बंद करायची, पण तळाची भोकं मात्र तार घालून मोकळी ठेवायची, हा तिच्या बापाचा, एव्हारिस्तचा, पहिला धडा. बावीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. चुकलं की काय होतं तेही तिनं पाहिलं होतं. बाहेर रंग नवरीसारखा, आणि आत दोन हिवाळ्यांत लोखंडाचा नुसता भुगा. कुणी केलं, कधी केलं, पत्ता लागत नाही.

तिनं हात पुसले. आज तिनं तळाचीच चार भोकं बंद केली होती, मुद्दाम.

काल रात्रीच्या जेवणाला आईनं मटारचं सूप वाढता वाढता सांगून टाकलं होतं. सप्टेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरनं आईचा, ब्लांदीनबाईंचा, गाडी चालवायचा परवाना काढून घेतला होता, तेव्हापासून निळी गाडी अंगणात नुसती उभी होती.

"निळी मी मारीझला देणार आहे," आई म्हणाली.

माँट्रियलहून वर्षातून एकदा येणारी धाकटी बहीण मारीझ चमचा हातात धरून बघतच राहिली. "मला? अगं आई!"

"तुझ्याकडं तुझा ट्रक आहेच की, मोठे," आई गिलेनकडं वळून म्हणाली. "आणि गाडीला दर ऑक्टोबरला तेल लागतं. हिला ती इथं आणावीच लागेल. तू आहेसच."

तू आहेसच. गिलेननं पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि तो विरघळून तळाला जाईपर्यंत तशीच बसून राहिली.

चौदा हिवाळे तिनं ही गाडी सांभाळली होती. तिच्या बरोबरीच्या गावातल्या सगळ्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. हिच्या पोटाला अजून गंजाची खपली धरली नव्हती. पण पोट कोण बघतं? मारीझ यायची, गाडी पुसायची, आत फुलांच्या वासाचं काहीतरी टांगायची, आणि आई शेजारणीला बोलावून दाखवायची, बघा, माझ्या छोटीनं कशी लखलखीत केली.

"अगं बाई, काय हा वास!" दारातून आवाज आला. मारीझ आत आली, उंटाच्या रंगाचा कोट अंगाशी आवळून धरत. "मेंढ्या धुतल्यास की काय?"

"मेंढीचीच चरबी आहे त्यात. बाबांचं मिश्रण. अठरा वर्षं ह्याच वासात जेवलीस तू."

"म्हणून तर एकोणिसाव्या वर्षी पळाले." मारीझ हसली. तिचं हसणं अजून तसंच होतं, खळीसकट. "झाली का माझी गाडी?"

माझी. गिलेननं लिफ्टची कळ दाबली. गाडी हळूहळू खाली आली, जणू तिलाही घाई नव्हती.

"झाली. आता धुळीची फेरी."

गावाच्या मागं शेतांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेला तिचा रस्ता. त्यातला तिसऱ्या रांगेचा तेवढा अजून कच्चा राहिलाय. तेल मारलं की गाडी लगेच त्या रस्त्यावरून पळवायची. चाकांनी उडवलेली धूळ ओल्या तेलावर बसते, दुधावर साय धरावी तशी, आणि मग मार्चपर्यंत मिठाची काय बिशाद. शहरातले कारागीर हसतात याला. हसू देत बापडे. इथं मात्र तेल मारलं आणि धूळ घातली नाही, तर ते काम झालं असं कुणी म्हणत नाही.

दरवर्षी ही फेरी आई स्वतः मारायची आणि गिलेन शेजारी बसायची. बसायच्या आधी आई सीटवर जुनं वर्तमानपत्र अंथरायची. "डाग पडतील गं तुझ्या कपड्यांचे." गिलेनला ते दरवर्षी टोचायचं आणि दरवर्षी ती त्या कागदावर करकरत बसायची. पंधरा किलोमीटर जाऊन पंधरा परत. कापलेल्या मक्याच्या शेतांतून पांढरे हंस एकदम उठायचे, नदीकडं जायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. आई तोंडातल्या तोंडात बाबांनी जुळवलेलं गाणं म्हणायची:

धूळ बसू दे गं, धूळ बसू दे,
लोखंडाला माझ्या पांघरूण असू दे.

वर्षातला तेवढा एक तास. त्यात मारीझ नव्हती, तिचा फोन नव्हता, तिचं नावही निघत नव्हतं. गिलेननं तो तास कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता, पण ऑक्टोबर लागला की ती दिवस मोजायची.

आई काठी टेकत अंगणातून आली. काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं.

"चल आई, आज मी नेते तुला," मारीझ म्हणाली. "मलाही बघू दे काय ती तुमची फेरी."

आई थबकली. तिचे धूसर डोळे गिलेनच्या दिशेनं वळले. "मोठीला चालवायची असेल."

गिलेननं पाना उचलला. बाहेर बेकरीवाल्याची व्हॅन उभी होती, पण ती तासभर थांबली असती तरी चाललं असतं.

"मला काम आहे," ती म्हणाली. "जा तुम्ही."

आईनं जरा वाट पाहिली. मग वर्तमानपत्र बाकावर ठेवलं आणि मारीझच्या हाताला धरून गाडीत बसली. दार लागलं. त्या आवाजात काही वेगळं ऐकू येतं का, म्हणून गिलेन कान देऊन उभी होती. काहीच आलं नाही.

बेकरीवाल्याच्या व्हॅनखाली फवारा धरून ती उभी राहिली खरी, पण मन तिसऱ्या रांगेवर होतं. आत्ता लाल कोठारापाशी पोचल्या असतील. आत्ता हंस उठले असतील. आई गाणं म्हणत असेल, आणि मारीझ ते ऐकून म्हणत असेल, अय्या, किती गोड! आणि आई तिला ते शिकवत असेल. चौदा वर्षं ज्याच्यासाठी ती कागदावर बसली, ते मारीझला कोट न काढता मिळत होतं. फवाऱ्याचं तेल तिच्या बाहीत उतरलं तरी तिला कळलं नाही. चांगलं झालं, तिनं मनाशी म्हटलं. चांगली बसवली चार बुचं. सडू दे.

आणि मग तिला आठवलं की या गाडीच्या दाराला टेकूनच बाबा उभे राहायचे. गाडी नवीन आली तेव्हा तिच्यावरून हात फिरवत म्हणायचे, "ही माझ्यापेक्षा जास्त जगली पाहिजे." जगली होती.

तासाची फेरी. दोन तास झाले, अडीच झाले.

गाडी परत आली तेव्हा गिलेन दारात उभी होती. तिला आधी ती ओळखूच आली नाही. ऊन लागून निळा रंग आरशासारखा चमकत होता, चाकांच्या वाट्या चांदीच्या, आणि पोटाखालून पाणी टपकत होतं. स्वच्छ, पारदर्शक पाणी.

"सरप्राइज!" मारीझ उतरली. "शहरातल्या त्या मोठ्या धुलाईकेंद्रात नेली. सगळ्यात महागडी धुलाई घेतली. म्हटलं, तू एवढी मेहनत केलीस, वरूनही जरा दिसू दे. आणि खालूनसुद्धा धुतात, माहितीये? गरम साबणाचे फवारे. दोनदा!"

गिलेननं वाकून पाहिलं. सकाळचं तीन तासांचं काम. तेल कुठं फिकट चट्ट्यांसारखं उरलं होतं, कुठं नावालाही नाही.

"काय झालं?" मारीझचं हसू मावळलं.

"धुवायची नसते, मारीझ. तेल मारल्यावर कुणी धुतं का? धूळ घालायची असते, धूळ!"

"मग मला कुणी सांगितलं?" मारीझचा चेहरा लाल झाला. "मी तर त्या कोपऱ्यावर विचारलं, आई, कच्च्या रस्त्याला वळू का? आई म्हणाली, आज तिकडं नको, शहराकडं घे. आणि तिथं पोचल्यावर मी म्हटलं, धुऊन आणूया का? तर म्हणाली, तुझी गाडी आहे, तुला वाटेल ते कर."

दोघींनी गाडीत पाहिलं. आई पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन बसली होती आणि गालात मेपलची गोळी घोळवत होती. बत्तीस वर्षं गंज रोखणाऱ्या माणसाची बायको होती ती. गावातल्या अर्ध्या गाड्यांची नावं तिनं स्वतः वहीत लिहिली होती.

"मारीझ," आई शांतपणे म्हणाली, "तू घरी जा. सूप मंद आचेवर ठेव. परत तेल मारायला वेळ लागेल, आणि तुझा कोट खराब होईल."

मारीझ गेली. जाताना तिनं गिलेनच्या दंडाला हात लावला, तेलासकट. "चुकलंच गं माझं," म्हणाली. गिलेन लिफ्टच्या कळीकडं वळली.

गाडी वर चढली. खाली गरम हवेचा पंखा लागला. आई बाकावर बसली, वर्तमानपत्राशेजारी.

"आई, तू काहीच कशी बोलली नाहीस?"

"काचेवर फेस असा चढत होता ना, गुलाबी, मग निळा. छान दिसत होतं."

"तुला दिसत नाही म्हणतेस ना?"

"तेवढं दिसतं," आई म्हणाली.

गिलेन पुढच्या डाव्या दाराखाली गेली, बुचाच्या कडेला नख घातलं आणि ओढलं.

पाणी आलं. फवाऱ्यांचं, काचेच्या फटीतून उतरलेलं, दारात अडकून राहिलेलं साबणाचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं आणि खाली सिमेंटवर पडलं. पेलाभर तरी असेल. त्या बंद गॅरेजमध्ये त्याचा आवाज केवढा तरी मोठा झाला.

आईची मान त्या दिशेनं वळली.

दुसरं बूच. तिसरं. प्रत्येक दारातून तसंच. चौथ्याला गिलेन थांबली. पण थांबून आता काय लपणार होतं? तिनं तेही काढलं. पाणी पडत राहिलं, मग धार बारीक झाली, मग थेंब, मग नुसता पंखा.

दारांत पाणी का साठलं, हे या गावात आईइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं? गिलेन बुचं मुठीत घेऊन उभी राहिली. वळून बघायचा तिला धीर होईना.

"निथळलं का सगळं?" आईनं विचारलं.

"हो."

"मग आण ती इकडं."

गिलेन आली. आईनं हात पुढं केला तेव्हा तिनं मूठ उघडली. आईनं चारही बुचं बोटांनी चाचपून मोजली. मग बाकावरचं वर्तमानपत्र उचललं, त्याचा एक मोठा तुकडा फाडला, बुचं त्यात गुंडाळली, पुडी घट्ट पिळली आणि कोटाच्या खिशात, मेपलच्या गोळ्यांशेजारी टाकली. उरलेला कागद तिनं चुरगळून तेलकट चिंध्यांच्या डब्यात टाकला.

"लवकर आटप, मोठे," ती म्हणाली. "ऊन आहे तोवर तिसऱ्या रांगेला पोचलं पाहिजे. एकदा दव पडलं की धूळ उडत नाही."

चार वाजता गिलेन चालवायच्या बाजूनं गाडीत बसली. तेलकट कपड्यांनिशी, उघड्या निळ्या सीटवर. आई शेजारी होती. कोपऱ्यावर गिलेननं वेग कमी केला.

"कुठं वळू?" तिनं विचारलं.

"कुठं म्हणजे?" आई म्हणाली, आणि तोंडातल्या तोंडात गाणं सुरू केलं.