लोकल हाव, दांडा उचला

मी टोलनाक्याचा दांडा बोलतोय. आवाज जरा दबका येईल, त्याला माझा इलाज नाही. या घडीला माझ्यावर एक ओली सतरंजी, दोन टॉवेल आणि पार्वतीबाईंचं लुगडं वाळत घातलंय.

एके काळी माझ्यापुढे सोळा चाकी ट्रक गुमान उभे राहायचे. आता कावळेसुद्धा विचारत नाहीत, सरळ येऊन बसतात आणि पुढचं जे करायचं ते करतात. पण तक्रार म्हणून सांगत नाही. माझं आयुष्य एकंदरीत मजेत गेलं, आणि जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला गंजताही यायचं नाही. ॲल्युमिनियम तसंही गंजत नाही म्हणा.

माझा जन्म हैदराबादकडच्या एका कारखान्यातला. बाहेरून लाल-पांढरे पट्टे, आतून साफ पोकळ. पोकळ असल्याची मला एक दिवस सोडला तर कधी लाज वाटली नाही. पुढे नाक्यावर जी माणसं पाहिली, त्यांच्यात मी बराच भरीव निघालो. एका टेम्पोत कांद्याच्या पोत्यांखाली दाबून मला देगलूरमार्गे लेंडी नदीच्या काठावर आणलं. कांद्याचा वास सहा महिने गेला नाही.

नदीच्या अल्याड नांदेड जिल्ह्यातलं बोरवंडी, पल्याड लातूर जिल्ह्यातलं तोगरहाळी. बोरवंडीला शाळा आहे, तोगरहाळीला बाजार, दवाखाना आणि बँक. म्हणजे बोरवंडीच्या माणसाला अक्षर सोडून बाकी सगळ्यासाठी नदी ओलांडावी लागते. पूर्वी खाली एक बुटका फरशी पूल होता. पाणी वाढलं की दोन दिवस बुडायचा, पण एरवी कुणाला अडवत नसे. कंत्राटदाराने नव्या पुलाचा दगड वाहायला तो वापरला आणि काम झाल्यावर मोडून टाकला. मग चढ-उतार धरून पाऊण किलोमीटर लांबीचा नवा पूल उभा राहिला, त्याच्या तोगरहाळीकडच्या तोंडावर नाका, आणि नाक्यावर आडवा मी.

उद्घाटनाची फीत माझ्याच अंगाला बांधली होती. एक मोठे साहेब आले. त्यांनी फीत कापली, नारळ फोडला आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "बोरवंडीकरांनो, तुम्ही लोकल. तुमच्या गाडीला टोल न्हाई. हा माझा शब्द हाय!" लई टाळ्या पडल्या. मीही नवीनच होतो, मलाही खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाववाले गाड्या घेऊन आले, "लोकल हाव, दांडा उचला" म्हणाले. नाक्याचे मॅनेजर शेषेराव म्हणाले, "शब्द आलाय, पत्र आलं न्हाई. पत्र आलं की सोडतो."

हे शेषेराव औशाकडचे. माणूस वाईट नव्हता, फक्त वरून फोन आला की वाईट व्हायचा. आणि फोन रोज यायचा.

नाक्यावर आडवं पडून माणसं फार जवळून दिसतात. कुणी खिडकीपाशी येताच कानाला मोबाईल लावून खोटंच "हां साहेब, पोचलोच" सुरू करतात. कुणी कार्ड दाखवतात, आणि ते कार्ड जिमचं निघतं. टोल माफ असलेल्या पदांची पाटी इतकी लांब होती की रंगाऱ्याचा रंग शेवटी शेवटी फिका पडला. त्या पाटीवर बोरवंडी मात्र नव्हतं.

आता ज्ञानोबांची ओळख करून देतो. यांच्याच अंगणात सध्या माझा मुक्काम आहे. बोरवंडीच्या बुद्धविहाराशेजारी त्यांचं घर, दारात त्यांची काळी-पिवळी जीप. कंपनीने ती नऊ माणसांसाठी बांधलेली, ज्ञानोबांनी ती सोळांची केलेली. वीस वर्षं ते गाव बाजाराला नेऊन आणत होते. टोल सुरू झाला तसं भाडं वाढवावं लागलं, भाडं वाढलं तशी माणसं घटली. मग त्यांनी तोड काढली. जीप भरली असेल तर नाका ओलांडायचा, नाहीतर पुलाच्या अलीकडेच सगळ्यांना उतरवायचं आणि चालत जा म्हणायचं. त्यामुळे गाड्यांसाठी बांधलेल्या त्या पुलावरून बाया-माणसं डोक्यावर बोचकी घेऊन उन्हात चालायची आणि गाड्यांची जागा रिकामी राहायची. बांगड्यांची पाटी घेऊन नीलम्मा यायची. गुडघे धरत धरत माझ्यापाशी पोचली की मला एक शिवी हासडायची, मग पदराने तोंड पुसून पुढे जायची. तिची शिवी खाल्ल्याशिवाय मलाही चैन पडत नसे.

आणि नेमकं अशा वेळी ज्ञानोबांची थोरली लेक रूपाली नाक्यावर नोकरीला लागली.

देगलूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली पोरगी. दोन वर्षं अर्ज करकरून थकलेली. नाक्यावर स्थानिक उमेदवार हवेत अशी जाहिरात निघाली आणि ती निवडली गेली. निळा शर्ट, वर चमकणारं जाकीट, महिन्याला पगार. घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. ज्ञानोबा म्हणाले, "आपल्याच गावाच्या खिशात हात घालायची नौकरी हाय ही. तुला दुसरी गावली न्हाई?"

रूपाली म्हणाली, "दुसरी आसंल तर तुम्ही आणा, आबा."

त्या दिवसापासून बापाने लेकीशी बोलणं टाकलं. घरात काही सांगायचं असलं तर बायकोला म्हणायचे, "पार्वती, तुझ्या म्याडमला सांग, माठात पाणी न्हाई."

खिडकीवरचा तिचा पहिला दिवस मला आठवतो. काळी-पिवळी येऊन थांबली.

"आबा," रूपाली म्हणाली.

"आबा कोन?" ज्ञानोबा समोरच्या काचेतून नदीकडे बघत म्हणाले. "पावती द्या, म्याडम."

तिने पावती दिली. बटण दाबलं, मी उठलो. जीप गेली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, पण पोरीला तो ऐकू येत नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खाली यायला जरा उशीरच केला.

संध्याकाळी ड्यूटी संपली की रूपाली पूल चालत ओलांडून घरी जायची. ज्ञानोबांची जीप रोज तिच्या शेजारून धूळ उडवत जायची. पुढची जागा रिकामी असली तरी थांबायची नाही.

असं वर्ष गेलं. मग खंडेनवमी आली.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा होते. नाक्यावरचं हत्यार म्हणजे मी. शेषेरावांनी सकाळी नऊ वाजता मला उभं करून झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला, हळद-कुंकवाचं ताट मागवलं. रूपालीला म्हणाले, "ये गं, बाईमाणसाच्या हातानं कुंकू लागू दे."

"सर, आमच्यात हे करत न्हाईत. मी खिडकी सांभाळते."

"बरं, सांभाळ," म्हणून त्यांनी स्वतःच ताट हातात घेतलं.

आता माझी एक नाजूक गोष्ट सांगतो. माझ्या खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर काचेचा एक डोळा होता. समोर गाडी उभी दिसली की तो मला खाली येऊ देत नसे. कुणाच्या टपावर मी आपटू नये म्हणून ही सोय. शेषेरावांचं लक्ष त्या डोळ्याकडे गेलं. "याला कशाला सुकं ठेवायचं? नजर लागंल नाक्याला." असं म्हणत त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू पाचही बोटांनी माझ्या डोळ्यात भरलं. मग भक्ती आणखी दाटून आली, तेव्हा खांबावरच्या कॅमेऱ्यालाही तसाच मळवट भरला.

झालं! डोळ्याला वाटलं, समोर गाडीच उभी आहे. ती काही केल्या जाईना, आणि मी खाली येईना.

दहा वाजेपर्यंत ही बातमी दोन्ही गावांच्या व्हॉट्सॲपवर पोचली. अकरा वाजता पुलावर जत्रा. ज्यांना तोगरहाळीत काडीचं काम नव्हतं तेही जाऊन आले. एकाने टेम्पोत म्हैस घातली आणि तिला पूल दाखवून आणला. शेषेरावांनी मध्ये प्लॅस्टिकचा कोन ठेवला, तो कुणीतरी सोबत घेऊन गेलं. मग ते स्वतः मला लोंबकळले. अंगाने जाडजूड माणूस, पण मी हललो नाही. कारागीर हैदराबादचा, तो म्हणाला दसरा झाल्यावर येतो.

बारा वाजता वरून फोन आला. कुणी केलं, नाव कळवा. शेषेरावांनी कॅमेऱ्याचं चित्र काढून पाहिलं तर सगळं लालभडक. आणि फोनवर तर नाव सांगायचं होतं.

ते रूपालीच्या खिडकीशी आले. "पूजेला तू नव्हतीस. म्हंजे मागून तूच काहीतरी केलंस. बापाची जीप फुकट जावी म्हणून."

"सर, मी खुर्चीवरून उठले पण न्हाई."

"बघू ना. आता तुझा बाप येईल. फुकट गेला की कळंल कुणी केलं ते." त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. राजीनामा तयार होता, फक्त सही बाकी. "तो गेला की इथं सही करायची."

पोरगी पांढरीफटक पडली. मी वर आभाळाकडे टोक करून उभा. सगळं मला ठाऊक होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. त्या दिवशी मला माझ्या पोकळपणाची पहिल्यांदा लाज वाटली.

साडेबाराला काळी-पिवळी आली. गच्च भरलेली. आतून पोरंसोरं ओरडत होती, "चला ज्ञानबा काका, आज फुकट हाय!" पुढच्या जागेवर नीलम्मा पाटी मांडीवर घेऊन बसलेली. शेषेराव हाताची घडी घालून उभे. रूपाली खाली मान घालून.

जीप खिडकीपाशी आली आणि थांबली. ज्ञानोबांनी खिशातून पैसे काढले आणि हात बाहेर काढला.

"पावती द्या."

मागे हॉर्नचा गलका झाला. शेषेराव गडबडले. "अहो मामा, दांडा वर हाय की. जावा ना!"

"दांडा तुमचा बिघडला आसंल, साहेब," ज्ञानोबा म्हणाले. "खिडकीत माझी लेक बसलीया. लेकीच्या पुढून मी चोरावानी जाऊ व्हय?"

रूपालीने पावती फाडून बापाच्या हातात दिली.

एवढ्यात नीलम्मा पाय मोकळे करायला खाली उतरली आणि सवयीने मला शिवी द्यायला म्हणून वळली, तर तिला माझा डोळा दिसला. "अगं यव्वा! याच्या डोळ्यात कुणी गं एवढं कुंकू कोंबलं?" तिने वर पाहिलं. शेषेरावांनी हात खिशात घातला, पण उशीर झाला होता. "साहेब, तुमची बोटं तर अजून लालच हायत की!"

असं म्हणत तिने पदराला थुंकी लावली आणि नातवाचे डोळे पुसावेत तसा माझा डोळा खसाखसा पुसला. ज्ञानोबांची जीप पुढे सरकली. डोळा उघडला, समोर कुणी नव्हतं, आणि मी धाडकन खाली आलो, मागच्या गाडीच्या बरोबर नाकापुढे.

त्यानंतर रांगेतल्या लोकांनी नीलम्माला जे जे ऐकवलं, ते वर्षभर तिने मला दिलेल्या शिव्यांपेक्षा जास्त भरलं. दसऱ्यापर्यंतचा फुकट पूल तिने एका पदराने पुसून टाकला होता. तिनेही सगळ्यांना सव्याज परत केलं. शेषेरावांनी तो राजीनाम्याचा कागद उचलला, चुरगळला आणि त्याला बोटं पुसली.

संध्याकाळी रूपाली जाकीट काढून बाहेर आली तर नाक्यापाशी जीप उभी. ज्ञानोबा स्टिअरिंगवर हात ठेवून नदीकडे बघत होते.

"रूपे, बस."

"जागा हाय का, आबा?"

"म्याडमला पुढं जागा ठिवलीया."

पूल ओलांडेपर्यंत मागचा लाल दिवा मला दिसत होता. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही. बहुतेक माठातल्या पाण्याचंच काहीतरी असेल. आमच्या भागात एवढं पुरतं.

माझा शेवट त्यानंतर तीन महिन्यांनी झाला. उद्घाटनवाले तेच मोठे साहेब पाच गाड्या घेऊन भरधाव निघाले होते. पहिली गाडी गेली, दुसरी गेली, आणि तिसरीच्या टपावर मी कोसळलो. आत साहेब होते. कागदावर 'यंत्रातील बिघाड' असं लिहिलं गेलं. माझा डोळा त्या दिवशी अगदी स्वच्छ होता, एवढंच सांगतो. मी मधोमध वाकलो, साहेबांचा टप बसला, आणि मला काढून भंगारवाल्याला दिलं. त्याच्याकडून ज्ञानोबांनी मला घेतलं आणि ठोकून ठोकून बऱ्यापैकी सरळ केलं.

आता मी त्यांच्या अंगणाच्या तोंडाशी, जमिनीत रोवलेल्या दोन मेढींवर आडवा असतो. दिवसा कपडे वाळवतो. पत्र अजून आलेलं नाही. रूपाली नाक्यावरच आहे, नव्या दांड्याशेजारी. गावाच्या माफीसाठी तिने स्वतः तीन अर्ज लिहून दिलेत. तुमची कुठे ओळख असेल तर त्या पत्राचं तेवढं बघा. माझ्या जागी आलेला तो बिचारा अजून शिव्या खातोय, आणि नीलम्माचे गुडघे काही सुधारत नाहीत.

रोज सकाळी ज्ञानोबा जीप सुरू करतात आणि बरोबर माझ्यापाशी आणून थांबवतात. रूपाली निळा शर्ट घालून दारात येते, माझ्या टोकाला हात लावते आणि गंभीर चेहऱ्याने विचारते, "पावती?"

"लोकल हाव, म्याडम," ज्ञानोबा म्हणतात. "सोडा."

ती हसते आणि मला दोन्ही हातांनी वर उचलते. मग बापाशेजारी जाऊन बसते.