पहार वाजेना

सातारा जिल्ह्यात तीस वर्षं ओव्हरसिअर असलेल्या दत्तात्रय कदमांनी, म्हणजे अण्णांनी, खडकाला न टेकलेला एकही पाया पास केला नव्हता. पहार ठणकन वाजली, की मगच पायाचा दगड. बाकीचं ज्ञान त्यांच्या लेखी पुस्तकी. म्हणून चौऱ्याण्णव साली मुलानं, श्रीपादनं, नोएडात प्लॉट घेतला तेव्हा अण्णा गावाकडचा काळा घडीव दगड पिशवीत घालूनच दिल्लीला उतरले.

चर पाच फूट खणला तरी पहार भसकन आत गेली. आठ फुटांवरही तेच. अण्णांनी दगड पिशवीतून काढलाच नाही.

"अण्णा, उद्या सकाळचा मुहूर्त आहे. इंजिनिअरनं प्लॅन पास केलाय, आणखी काय हवं?"

"तुझ्या इंजिनिअरला काय जातं? वाळूवर माझी नातवंडं झोपवू?"

"तुमच्या हाताशिवाय मी दगड बसवणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर प्लॉट विकतो," श्रीपाद म्हणाला. तो चिडून बोलला असता तर अण्णांना बरं वाटलं असतं.

बांधकामाला पाणी हवं म्हणून कोपऱ्यात बोअर खणणं चालू होतं. बोअरचा मिस्त्री दर दहा फुटांची वाळू वेगळ्या ढिगात मांडत होता. अण्णा खुर्ची टाकून खडकाची वाट बघत बसले. दुपारपर्यंत चौदा ढीग झाले आणि चौदाही वाळूचेच.

"पत्थर कब लगेगा?"

मिस्त्री हसला. "बाबूजी, पत्थर ही तो है। जमुनाजी पहाड़ से पीसकर लाई हैं।"

अण्णांनी शेवटच्या ढिगातली मूठ उचलली. तळहातावर अभ्रकाच्या बारीक टिकल्या चमकल्या. कृष्णेतले गोल गोटे त्यांनी जन्मभर पुलाच्या भरावात घातले होते, पण ते गोल कुणी केले हे कधी मनात आलं नव्हतं. हिमालयातला कडा उन्हानं तडकला, बर्फानं फुटला, पाण्यानं घरंगळत घासला, आणि त्याचं पीठ होऊन इथवर आलं. एकशेचाळीस फूट खोल, आणि वर हे अख्खं नवं शहर. ज्याच्या भरवशावर आयुष्य काढलं, त्या खडकाला नदीनं जात्यात घातलं होतं. भीती वाटली, आणि हात आपोआप जोडले गेले.

"किती वर्षं लागली असतील रे?" त्यांनी श्रीपादला विचारलं.

"लाखो, अण्णा."

मग उठून त्यांनी स्वतः टेप धरली. "चर आणखी दोन फूट रुंद कर. एवढी वर्षं दबून बसलीय ही वाळू, ती घर धरेल. भार मात्र पसरून दे."

सकाळी चपला काढून अण्णा चरात उतरले. काळा दगड बसवला, हळदकुंकू वाहिलं. सवयीनं पहार उचलून त्यांनी दगडावर हलकेच टेकवली. ती ठणकन वाजली.

"आपल्यापुरता खडक आहे," अण्णा म्हणाले. "चढव भिंती."