सहा तासांची नदी

"ब्याण्णव मिलिमीटर!" फोनवर वरच्या बाई ओरडूनच बोलत होत्या. त्यांच्या मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. "दोन तासांत ब्याण्णव. आणि अजून कोसळतोच आहे. लिहून घ्या."

"घेतलं," मापाडी म्हणाला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्याने रजिस्टरात वेळ टाकली. नऊ वाजून पाच मिनिटं.

वरच्या बाई म्हणजे नदीच्या उगमाजवळ, डोंगरावर, पर्जन्यमापक सांभाळणाऱ्या बाई. त्या पाऊस मोजायच्या आणि हा खाली पुलाजवळच्या पट्टीवर नदी मोजायचा. बावीस वर्षं दोघं फोनवर बोलत होते आणि समोरासमोर भेटले होते फक्त एकदा, तेही खात्याच्या कसल्याशा बैठकीत, चहाच्या रांगेत. धान्य मोजतो तो मापाडी, तसा हा पाण्याचा मापाडी, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं, की पगाराच्या कागदावर स्वतःचं खरं नाव दिसलं की त्यालाच क्षणभर हे कोण बुवा, असं व्हायचं.

"एक सांगू का," बाई म्हणाल्या, "डोंगर आता पूर्वीचा राहिला नाही. झाडं गेली, शेड आल्या, रस्ते झाले. ती मोठी पाणथळ जागा होती ना, तीसुद्धा भर टाकून बुजवली. पाणी मुरतच नाही हो. माझ्या डोळ्यांदेखत नुसतं पळत सुटलंय."

"बाई, तुम्ही पाऊस मोजा. नदीचं मी बघतो," मापाडी हसत म्हणाला. बरं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

हसायला त्याला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की वर पाऊस झाला की खालच्या वस्तीत पाणी चढायला सहा तास लागतात, आणि पाणी सहा तासांनीच आलं होतं. वस्तीतली एक मांजरसुद्धा भिजली नाही. तेव्हा लोकांनीच रंगाचा डबा आणून दिला आणि वस्तीच्या पायऱ्यांजवळच्या भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'वर पाऊस झाल्यास सहा तास.' अक्षर मोत्यासारखं. त्याला एकोणतीस वर्षं झाली. दर दोन-तीन वर्षांनी तो त्या अक्षरांवरून नवा रंग फिरवायचा.

त्याने वस्तीत ठरलेले चार फोन केले. "तीन वाजेपर्यंत वेळ आहे. सावकाश आवरा," एवढंच सांगितलं. पाचवा फोन ताईचा आला.

ताई त्याची थोरली बहीण. वस्तीच्या अगदी खालच्या गल्लीत राहायची. भावोजींचं डावं अंग दोन वर्षांपूर्वी गेलं होतं, तेव्हापासून त्यांना उचलून न्यायचं म्हणजे चार हात लागायचे.

"अरे, आताच निघू का? शेजारचे दोघं घरी आहेत अजून. मग ते कामावर जातील."

"कशाला घाई करतेस? मी एक वाजता गाडी घेऊन येतो. त्यांना नीट खाऊ घाल. दोन तास उरतात तरी."

मागून भावोजींचा आवाज आला. बोलणं जडावलं होतं, पण थट्टा सुटली नव्हती. "सांग त्याला, तुझ्या घरी यायचं तर मी दाढी केल्याशिवाय येणार नाही. लोक म्हणतील, मेव्हण्याने अस्वल आणलं."

"करा की दाढी. तुमच्या दोन दाढ्या होतील तेवढा वेळ आहे," मापाडी म्हणाला. पुढे कितीतरी दिवस त्याला स्वतःचं हे वाक्य ऐकू येत राहिलं.

दहा वाजता पट्टीवर दोन मीटर दहा. अकरा वाजता दोन मीटर पंधरा. साडेअकराला तो सहज म्हणून पट्टीजवळच्या पायऱ्या उतरला आणि थबकला. पाण्याचा रंग बदलला होता. लाल माती, फेस आणि त्यात लाकडाच्या ढलप्या, प्लॅस्टिकचे तुकडे, एक निळी बादली. बघता बघता खालची पायरी गेली, मग दुसरी. तीन मीटर चाळीस. त्याने मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं, जणू चूक घड्याळाचीच होती.

ताईचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. वस्ती तिथून वीस मिनिटांच्या चालीवर. छप्पन्न वर्षांचा माणूस नदीच्या कडेने धावत सुटला, आणि नदी त्याच्याहून पुढे होती.

तो पोचला तेव्हा खालच्या गल्लीत छातीइतकं पाणी होतं. पायऱ्यांवर दोन माणसांनी ताईला घट्ट धरून ठेवलं होतं. उंबऱ्यात पाणी दिसताच ती माणसं बोलवायला वर धावली होती. भावोजींना उचलायचं तर दोघं हवेतच. ती दोघांना घेऊन परत फिरली तोवर गल्ली उरली नव्हती. तिच्या उजव्या तळहातावर साबणाचा फेस तसाच होता.

मापाड्याला बघून ती ओरडली नाही. "अर्धी दाढी राहिली रे," एवढंच म्हणाली.

चौकशीला खात्याचे साहेब आले. त्यांनी रजिस्टरं चाळली, आकडे तपासले. "नोंदी चोख आहेत तुमच्या. काळजी करू नका, तुमच्यावर काही येणार नाही." मापाड्याने मान हलवली. काही आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

साहेब गेल्यावर त्याने कपाटातली एकतीस रजिस्टरं काढून जमिनीवर मांडली. वरच्या फोनची वेळ एका रकान्यात, पट्टीवर पाणी चढल्याची वेळ दुसऱ्या रकान्यात. सगळं त्याच्याच अक्षरात. पूर्वी पाणी वाटेत थांबत थांबत यायचं. झाडाखाली मुरायचं, पाणथळीत पसरून बसायचं, नातेवाइकांकडे एकेक मुक्काम करत येणाऱ्या पाहुण्यासारखं. मग उन्हाळाभर तेच पाणी हळूहळू पाझरत नदीत उतरायचं. उन्हाळ्यात नदी लवकर आटते, हे त्याने दहा वर्षं लिहिलं होतं. तेही नुसतं लिहिलंच होतं. सहा तास दहा मिनिटं. पाच चाळीस. पुढे कुठेतरी साडेचार. मागच्या वर्षी तीन पन्नास, पण तेव्हा पाणी वस्तीत शिरलं नव्हतं, म्हणून त्याने पान उलटलं आणि भिंतीवरच्या सहाला रंग दिला. खात्याला कळवायची असायची ती फक्त पातळी. दोन वेळांची वजाबाकी त्याच्याकडे कधी कुणी मागितली नव्हती.

ताई आता त्याच्याच घरी होती. त्या संध्याकाळी त्याने रजिस्टरं तिच्यापुढे ठेवली आणि बोट ठेवून ठेवून सगळं सांगितलं. लपवून जगता येणार नाही हे त्याला कळलं होतं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"हे सगळं तूच लिहिलंस?"

"हो."

"आणि वाचलं नाहीस."

ती उठून आत गेली. दोन दिवस ती त्याला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी वाचून झाल्यावर तो रंग खरवडायची पत्री, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन वस्तीकडे निघाला. पायऱ्यांशी पोचल्यावर वळून पाहिलं तर ताई मागून येत होती. त्याने तिला बोलावलं नव्हतं. तो भिंत खरवडायला लागला. रंगाचे इतके थर होते की सहा निघता निघेना. लोक जमले.

"सहा मी लिहिले होते," तो मोठ्याने म्हणाला. "चुकलं माझं. वरच्या बाई सांगत होत्या, मी ऐकलं नाही."

कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारलं, "मग आता किती लिहिणार? दोन?"

"दोन लिहिले तर उद्या तेही खोटे पडतील. वर अजून बांधकामं चालूच आहेत."

"आकडा नको लिहूस," ताई म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग ब्रश बुडवून लिहिलं, 'वर पाऊस झाला की लगेच निघा.' ओळ सरळ आली. ताईने डबा धरला होता. ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

"तुझं अक्षर यांना फार आवडायचं," ती म्हणाली.

तिच्याकडून डबा घेऊन तो झाकण लावू लागला. ते काही केल्या बसेना. ताईने डबा त्याच्या हातून घेतला, पायरीवर ठेवला आणि तळहाताने दाबून झाकण बसवलं.