खरा ताप

“तुमचे साहेब आज कुठे आहेत म्हणायचं?” न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली.

शिकाऊ वकील मुलगी टेबलाची कड धरून उभी होती. सकाळपासून तिचं अंग कणकणत होतं. तिने पढवलेलं वाक्य म्हणून टाकलं. “सर, साहेबांची तब्येत बरी नाही. पुढची तारीख मिळावी.”

साहेब ठणठणीत होते. ती ऑफिसातून निघाली तेव्हा ते फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत होते.

फर्ममध्ये लागल्यापासून तिच्या वाट्याला तारखा मागण्याचं हे एकच काम आलं होतं. साहेब म्हणाले होते, “तुझा चेहरा सोज्वळ आहे. तुझ्यावर कुणाला ओरडवत नाही. वकिलीत हे भांडवल असतं.” पहिल्या दिवशी हे ऐकून तिला मूठभर मांस चढलं होतं. घरी जाऊन तिने ते आईला दोनदा सांगितलं होतं.

या खटल्यात समोरची बाई निवृत्त नर्स होती. कोर्टात सगळे तिला सिस्टरच म्हणत. उभा जन्म दवाखान्याने दिलेल्या खोलीत काढून, पै-पै साठवून तिने दोन खोल्यांचं घर घेतलं आणि भाच्याला तात्पुरतं राहायला दिलं. निवृत्त होऊन परत आली, तर भाचा हलेना. तेव्हापासून ती मैत्रिणीच्या मागच्या खोलीत राहत होती. भाचा फर्मचा पक्षकार. त्याच्या बाजूत काही दम नाही हे साहेबांनाही ठाऊक होतं. पण निकाल लांबला की तो घरात राहत होता, आणि तेवढंच त्याला हवं होतं.

मुलीने घरी नोकरी सोडायची गोष्ट काढून पाहिली होती. वडील बस चालवायचे. तिला इथे चिकटवण्यासाठी ते रजा टाकून साहेबांच्या दारात बसले होते. ते चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, “थोडी कळ काढ. त्यांच्या सहीचा दाखला मिळाला की तू तुझी मोकळी. मी हात जोडलेत गं त्यांच्यापुढे.”

“आता पुरे झालं,” न्यायाधीश म्हणाले. “साक्षीदार पिंजऱ्यात उभ्या आहेत. उलटतपासणी आत्ता करा, नाहीतर तुमचा हक्क बंद करतो.”

बंद करा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. बंद केला की सगळं संपणार होतं. सिस्टरना घर मिळालं असतं, आणि तिलाही पुन्हा या खटल्यात तोंड उघडावं लागलं नसतं. एवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, हातातली फाइल सुटली आणि ती मटकन खाली बसली.

पिंजऱ्यातून उतरून सगळ्यांत आधी पोचल्या त्या सिस्टर. त्यांनी मनगट धरलं, पापणी ओढून पाहिली. “अंग भाजतंय पोरीचं! खुर्ची आणा. सरका, हवा येऊ द्या.” आणि मग न्यायाधीशांकडे वळून, “द्या हो तारीख. आजाऱ्याला ताटकळत ठेवून मला नको माझं घर.”

“सिस्टर, बोलू नका!” त्यांचा वकील दातओठ खाऊन पुटपुटला.

“का? नाडी मी बघितली, तुम्ही नाही.”

नको, असं म्हणायला मुलीने तोंड उघडलं. सिस्टरनी तिच्या ओठांना पाण्याचा पेला लावला.

तारीख मिळाली, ती थेट कोर्टाच्या लांबलचक सुट्टीनंतरची.

ताप उतरल्यावर ती ऑफिसात गेली तेव्हा साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. “काय ॲक्टिंग केलीस! खुद्द विरोधी पक्षाकडून तारीख!”

“सर, मला खरंच ताप होता.”

“मग तर फारच छान,” साहेब म्हणाले, आणि सगळं ऑफिस हसलं. त्या दिवशी तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं.

संध्याकाळी वडील दारातच उभे होते. “साहेबांचा फोन आला होता. स्वतः केला त्यांनी! म्हणाले, पोरगी तयार झाली.” आनंदाने त्यांचा आवाज फुटत होता. ती हात धुवायला आत गेली आणि बराच वेळ धूत राहिली.

सुट्टी संपली तोवर न्यायाधीशांची बदली झाली होती. सिस्टर बाकावर बसून होत्या. तिला बघून त्यांनी सरकून जागा केली.

“उतरला ना गं ताप? वाळलीस अगदी.”

“सिस्टर, त्या दिवशी तुम्ही मध्ये पडायला नको होतं.”

“मला कळत नव्हतं का?” सिस्टर म्हणाल्या. “पण माणूस समोर पडलं की हात आपोआप पुढे जातो. जन्मभर तेच केलं. आता कसा आवरू?” मग जरा थांबून म्हणाल्या, “आज आलेत का तुझे साहेब?”

तिने मान हलवली. नाही.

“बरं,” सिस्टर म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.

पुकारा झाला. नव्या न्यायाधीशांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सौम्यपणे म्हणाले, “बोला.”

ती तेच पढवलेलं वाक्य बोलली. फार विचारपूस न होता पुढची तारीख मिळाली.

बाहेर जिन्यावर सिस्टर उतरत होत्या. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, श्वास घ्यायचा, मग पुढची पायरी. खालच्या मजल्यावर मुलीला फर्मच्या दुसऱ्या एका खटल्यात आणखी एक तारीख मागायची होती.

“तू हो पुढे,” मागे न बघता सिस्टर म्हणाल्या. “तुला घाई असेल.”

“नाही, घाई नाही.”

जिना रुंद होता. माणसं बाजूने भराभर उतरत होती. खालून तिच्या त्या खटल्याचा पुकारा झाला. पुन्हा एकदा झाला. सिस्टर कठडा धरून पुढच्या पायरीचा अंदाज घेत होत्या. छातीशी फाइल धरून ती एक पायरी मागे उभी राहिली.