मौनाचा सराव

मला सगळी टीम रेडिओ म्हणते. मैदानावर उतरल्यापासून शेवटची शिट्टी वाजेपर्यंत माझं तोंड बंद होत नाही, आणि मॅडमना ते तसंच हवं असतं. मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमच्या कोच. त्यांचा एकच नियम, चेंडू कुठून येतोय ते मोठ्यानं सांगायचं. डावीकडून, उजवीकडून, उंच आहे, एकटी आहे, मागून दुसरी येतेय. मी बचावात मधोमध खेळते, गोलच्या अगदी पुढ्यात, त्यामुळे सांगण्याचं निम्मं काम माझ्याच गळ्यात. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, असं माझी मावशी म्हणते. मी आजवर बरीच माती खपवली आहे.

माझ्या पाठीमागे गोलमध्ये उभी असते ती भिंत. भिंत ही माझी मावसबहीण. कॉलेजसाठी मी मावशीकडेच राहते, त्यामुळे आमची खोली एक, आरसा एक आणि त्यावरची भांडणं रोजची. वयानं ती माझ्याहून वर्षभर मोठी, उंचीनं वीतभर, आणि तोऱ्यानं किती ते विचारू नका. पण गोलमध्ये तिला तोड नाही. तिच्यामुळेच आमचं कॉलेज पहिल्यांदा विभागीय स्पर्धेत पोचलं होतं. शनिवारी पहिला सामना होता. तिचं हे शेवटचं वर्ष, आणि त्याआधी दोन वर्षं तिनं राखीव बाकावर बसून दुसरीचे हातमोजे सांभाळले होते. त्या शनिवारसाठी ती काय वाट्टेल ते करायला तयार होती. काय वाट्टेल ते म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मंगळवारी मॅडमनी नवीन खूळ काढलं.

"तिकडचं मैदान बंदिस्त आहे," त्या म्हणाल्या. "प्रेक्षक अगदी डोक्यावर बसलेले असतात. ढोल काय, भोंगे काय. तुम्हाला एकमेकींचं अक्षरही ऐकू येणार नाही. म्हणून आज मौन. जी बोलेल ती मैदानाला फेरी मारेल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमची राखीव गोलकीपर, जिला आम्ही पिल्लू म्हणतो, ती म्हणाली, "रेडिओची आज मॅरेथॉन."

भिंत हसली नाही. "मॅडम, स्पर्धेच्या आठवड्यात नवीन काही नको ना," ती म्हणाली. मॅडमनी शिट्टी वाजवली. एकदा शिट्टी वाजली की त्या आपल्या आईचंही ऐकणार नाहीत.

आपण रोज किती गोंगाट करतो हे त्या दिवशी मला कळलं. बुटांचा आवाज येत होता, धापा ऐकू येत होत्या, दूर कुठेतरी कोणी झाडू मारत होतं. मी दातांत जीभ धरून खेळत होते. उजवीकडून आलेले दोन चेंडू भिंतीनं नेहमीसारखे अलगद उचलले. मग आघाडीला खेळणारी आमची वावटळ तिच्या डाव्या हाताच्या बाजूनं पळत आली आणि तिनं चेंडू मारला. साधाच होता, पिल्लूनंही धरला असता. भिंत समोर बघत उभी राहिली. जाळी हलल्याचा आवाज आला तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं.

वावटळ खो खो हसली आणि फेरी मारायला गेली. आम्हाला वाटलं, भिंत मुद्दाम करतेय, मॅडमना खिजवायला. दुसरा चेंडूही तसाच, त्याच बाजूनं गेला.

"काय गं, आंधळं दळतंय का इथं?" मॅडम ओरडल्या. "लक्ष कुठंय?"

"सॉरी मॅडम," भिंत म्हणाली, आणि तिला फेरी मारावी लागली.

तिसरा चेंडू मी वावटळीच्या पायातून सुटताना पाहिला. उंच, जोरात, थेट भिंतीच्या दिशेनं. 'डावीकडून' हा शब्द माझ्या ओठांवर आला आणि मी ओठ मिटले, कारण नियम होता. चेंडू तिच्या डाव्या कानशिलावर बसला. ती आडवी झाली. पण मला धक्का बसला तो ती पडली म्हणून नव्हे. डोळ्यापुढे माशी आली तरी माणसाची पापणी मिटते. मी तिच्याकडेच बघत होते. चेंडू लागेपर्यंत तिची पापणी हलली नव्हती.

आता बोलायला काही हरकत नव्हती, तरी मैदानावर कोणीच बोलेना. मॅडम बर्फ घेऊन धावल्या.

"उन्हाची तिरीप आली डोळ्यावर," भिंत म्हणाली. ऊन तिच्या पाठीमागे होतं.

कपडे बदलायच्या खोलीत मी सगळ्या जाईपर्यंत रेंगाळले. भिंत बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. मी आवाज न करता तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. बाकावरचा तिचा हातमोजा उचलला आणि तिच्या कानशिलाजवळ धरला. मग हलवला. ती नाडीची गाठ सोडत राहिली.

"रेडिओ," ती मान वर करून रिकाम्या खोलीला म्हणाली, "आहेस का गेलीस?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

"इथंच आहे," मी म्हणाले. ती एवढी दचकली की नाडी हातातून सुटली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, मग हातमोज्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मोसम सुरू झाला तेव्हा ठिपके दिसायचे. मग कडेनं पडदा ओढल्यासारखं व्हायला लागलं. आता डाव्या डोळ्यानं नुसता उजेड कळतो."

"आणि तू गोलमध्ये उभी राहत होतीस?"

"तू होतीस ना," ती म्हणाली. "तू डावीकडून म्हणालीस की मी मान वळवायची. बाकी उजवा डोळा बघतो. तो अगदी ठणठणीत आहे."

मी तिथंच बाकावर बसले. गेले कित्येक महिने ती मला रस्त्यानं चालताना डावीकडे चालायला लावत होती. जेवायला डावीकडे बसवत होती. पिक्चरला गेलो तरी तेच. विचारलं तर म्हणायची, तुझी बडबड त्या कानाला बरी वाटते. मला वाटायचं, लाड आहेत. मी टीममध्ये फुशारकी मारायचे की भिंतीला माझ्यावाचून चैन पडत नाही. तिनं माझ्या आवाजाची काठी केली होती, आणि काठीला त्याची खबरही नव्हती. मला इतका राग आला की रडू आलं.

"रविवारपर्यंत गप्प बस," ती म्हणाली. "स्पर्धा झाली की मी स्वतः बाबांना सांगते. आयुष्यात एकदा तोंड बंद ठेव. माझ्यासाठी."

"आणि शनिवारी पुन्हा कानशिलावर बसला तर?"

"शनिवारी तू बोलशीलच की."

"शनिवारी ढोल असतील."

तिनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

आता आमच्या घराचं सांगायला हवं. काका, म्हणजे भिंतीचे बाबा, चष्म्याच्या दुकानात काम करतात. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसतोय ना ते बघायचं. अर्ध्या गल्लीच्या डोळ्यांची खबर त्यांना असते. कोणी घरी आलं आणि जरा डोळे किलकिले केले की ते खिशातून पेन काढतात आणि तिथल्या तिथं तपासायला लागतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच जेवणाच्या टेबलाखाली होता.

त्या संध्याकाळी मी गप्प बसायचं ठरवलं होतं, खरंच. शब्द दिला नव्हता, पण ठरवलं होतं. मावशीनं सूप वाढलं. मला वाढून झाल्यावर ती भिंतीच्या मागून वळसा घालून पलीकडे गेली, आणि तिची वाटी, ग्लास, चमचा सगळं उजव्या हाताला मांडलं.

"हिच्या डाव्या बाजूला मी हल्ली काही ठेवतच नाही," मावशी काकांना सांगत होती. "हात लागून सांडतं. घोडी झाली तरी धांदरटपणा जात नाही."

काका हसले. भिंतही हसली. सगळं घर तिच्या डोळ्याभोवती वळसा घालून चालत होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला ते हसणं सहन होईना.

"काका, हिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही," मी म्हणाले.

मावशीचा पळीचा हात तसाच राहिला. टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ बसली.

"काहीतरीच काय," भिंत म्हणाली. "आज चेंडू लागला मला, तेव्हापासून घाबरलीय ही."

"बघू बघू," काका म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं. "उजव्या डोळ्यावर हात ठेव. माझ्या नाकाकडे बघ. पेन दिसलं की सांग."

भिंतीनं हात ठेवला. काकांनी हात लांब करून पेन हळूहळू आत आणलं.

"दिसलं," भिंत म्हणाली. "डावीकडे."

त्यांनी बाजू बदलली.

"दिसलं. आता उजवीकडे. आता वर."

काकांनी श्वास सोडला. मावशी माझ्यावर उखडली. "कार्टे, जीव घेतला असतास ना माझा. जिभेला काही हाड?"

मी थक्क होऊन बघत राहिले. क्षणभर मला वाटलं, मलाच वेड लागलंय. दुपारी पाहिलेलं सगळं खोटं होतं की काय? मग काकांनी पेन खिशात ठेवताना पुन्हा एकदा खटका दाबला. खट. त्यांची ती सवयच आहे. तपासताना दर वेळी ते पेनचा खटका दाबतात, डावीकडे खट, उजवीकडे खट. या घरात वाढलेल्या मुलीला तो आवाज अंधारातही कुठून येतो ते कळलं असतं.

बापाच्या तोंडावर, हसत हसत, ती त्याला फसवत होती.

"काका, पुन्हा एकदा," मी म्हणाले. "शेवटचं."

भिंत माझ्या दिशेनं चिडून काहीतरी पुटपुटली, पण तिनं पुन्हा उजवा डोळा झाकला. खात्रीच होती तिला. मी काकांपुढे ओठांवर बोट ठेवलं, सूपचा चमचा उचलला आणि काही आवाज न करता तिच्या उघड्या डोळ्यासमोर नेला. बाजूला नाही, अगदी समोर. आणखी जवळ नेला. पापण्यांना टेकायचा राहिला.

भिंत हसऱ्या चेहऱ्यानं चमच्यातून आरपार बघत होती.

"बाबा, करा ना सुरू," ती म्हणाली. "सूप गार होतंय."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांचा हात खिशावरच राहिला.

"बाबा?"

मावशी माझ्या बाजूला आली. तिनं माझ्या हातातून चमचा घेतला आणि भिंतीच्या मोकळ्या हातात ठेवला. भिंतीनं दुसरा हात डोळ्यावरून काढला, चमचा पाहिला, आमचे चेहरे पाहिले, आणि तिला सगळं कळलं.

"कोपऱ्यावरच्या आजींचा मोतीबिंदू मी रस्त्यात उभ्या उभ्या ओळखला होता," काका म्हणाले. ते कोणाला सांगत होते कोण जाणे. हे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा बोलत राहिले.

भिंत मला एवढंच म्हणाली, "तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती." मग ती खोलीत निघून गेली आणि माझ्याशी बोलायची बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी डावा डोळा तपासला. आतला पडदा कधीच सुटून आला होता. ऑपरेशन करू, पण फार आशा धरू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकायची आमची मनाची तयारी झाली होती. मग त्यांनी उजव्या डोळ्यापुढे दिवा धरला, आणि तिथं मात्र ते बराच वेळ थांबले. दिवा बदलला. पुन्हा बघितलं.

"या डोळ्याच्या पडद्यालाही फट पडलीय," ते म्हणाले. "आज लेझर केलं नाही तर हाही सुटेल. नशीब, आलात. आणखी एखादा सामना खेळली असती तर मी काही सांगू शकलो नसतो."

ठणठणीत होता तो डोळा. ती म्हणाली होती, आणि मीही मानलं होतं. काकांनी दाराची चौकट धरली. मावशी खुर्चीत बसली होती, ती उठलीच नाही. भिंत नुसती "काय?" म्हणाली, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

तिच्या डोळ्यांत थेंब घालून आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. काका आणि मावशी आत डॉक्टरांशी बोलत होते. मॅडमचा फोन येऊन गेला होता. शनिवारी पिल्लू खेळणार. "रोज माझ्या डोळ्यांसमोर होती गं," मॅडम म्हणत होत्या, "आणि मी तिला काय बोलले काल."

मी सवयीनं भिंतीच्या डाव्या बाजूला बसले होते. बसल्यावर ते लक्षात आलं, पण उठून जागा बदलायचाही धीर होईना. थेंबांमुळे तिला आता उजव्या डोळ्यानंही धूसरच दिसत होतं. ती समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसली होती, हात मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट. मला वाटलं, मी शेजारी आहे हे तिला माहीत नसावं. बोलले तर उठून जाईल. म्हणून रेडिओ गप्प बसला. कालचा चमचा दिसत होता, आणि त्यामागचं तिचं हसणं.

"रेडिओ," ती म्हणाली. "आहेस का?"

"आहे."

"मग बोल ना काहीतरी. तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

व्हरांड्याच्या टोकाचं दार उघडलं होतं.

"डावीकडून नर्स येतेय," मी म्हणाले. "एकटीच आहे. हातात ट्रे आहे. अजून लांब आहे."

भिंतीनं मान डावीकडे वळवली.

"आता?" तिनं विचारलं.

"आता जवळ आली. तुलाच न्यायला येतेय," मी म्हणाले. "ऊठ."

तिनं चाचपडत माझा खांदा शोधला, आणि त्याला धरून ती उठली.