शेपटीखालचं चाक

बाहेर पडण्याआधी एकदा शेवटचा हात फिरवावा म्हणून ती सकाळी घरच्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर बसली आणि तिथंच घोळ झाला.

धंद्यानं ती शिंपीण. विमान क्लबातल्या जुन्या विमानांच्या पंखांवर कापड ताणलेलं असतं. ते फाटलं की तीच शिवायची आणि त्या बदल्यात क्लब तिला उडायला शिकवायचा. नाकाखाली चाक असलेलं विमान तिला जमलं होतं. आज पहिल्यांदा शेपटीखाली चाक असलेलं हातात येणार होतं. असलं विमान हवेत गुणी, पण जमिनीवर महाबिलंदर. मोठी चाकं पुढं, वजन त्यांच्या मागं. धावताना नाक जरा वळलं की शेपटी पुढं यायला बघते. पेडलवरच्या पायांनी वेळीच आवरलं नाही, तर विमान गर्रकन फिरतं आणि पंख जमिनीला घासतो.

म्हणून शिकवणाऱ्या सरांनी तिला आधी घरी सिम्युलेटरवर घोटून यायला सांगितलं होतं. तिनं जीव तोडून घोटलं. विमान दरवेळी रेषेत उतरायचं. ते ऐकून सर खूश झाले होते. "मग पाय तुझेच हं, शिंपीणबाई. माझ्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, तो आता नुसता शोभेला."

आत्ताही विमान सरळ उतरलं. पाय काढताना तिला टेबलाखाली पेडलची वायर दिसली. निघून फरशीवर पडली होती.

पायांचं काही पोचतच नव्हतं. मग सरळ ठेवलं कुणी?

तिनं नवऱ्याला हाक मारली. त्यानं सेटिंग उघडलं. सुकाणू आपोआप सांभाळणारी मदत चालू होती.

"मी हात नाही लावलेला," तो घाईनं म्हणाला. "ही पहिल्यापासूनच चालू असणार."

"बंद कर. आणि वायर लाव."

विमान निम्मी धावपट्टीही पळालं नाही, गवतात शिरलं. पुन्हा लावलं, पुन्हा गवत. उतरवायला गेली तर भोवऱ्यासारखं फिरलं.

"अगं, पण पाय हलत होते ना तुझे?"

"हलत होते. दोरा न ओवता मशीन चालवावं तसे."

तो हसला, मग तिचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं. "सरांना आज नको सांगूस. क्लबात एवढे जण थांबलेत, एकदा पाळी गेली की गेली. खऱ्या विमानात बसलीस की जमेल."

वाटेत तिनं तेच स्वतःला बजावलं. जमेल. 

मैदानावर सर मागच्या सीटवर पट्टे आवळून तयार होते. दुखरा पाय त्यांनी बाजूला लांब करून ठेवला होता. पेडलपासून लांब. मेकॅनिक नाकावरच्या पंख्यापाशी उभा राहून तिच्या खुणेची वाट बघत होता. ती पुढं बसली. हात वर करायचा, एवढंच बाकी होतं.

"सर, मला येत नाही."

"भीती सगळ्यांनाच वाटते."

"भीतीचं नाही. घरी सिम्युलेटरच सरळ ठेवत होता. मदत बंद केल्यावर एकदाही जमलं नाही."



"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"हो."

"माझी हाडं काय फुकटची आलीत?" सर पुटपुटले. मग त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी उचलून पेडलवर ठेवला. ठेवताना दात आवळून कण्हल्याचा आवाज तिला ऐकू आला. "उडणं रद्द. शेपटी जमिनीवरच ठेवायची, हातातला दांडा पोटाशी ओढून. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालव."

इंजिन लागलं. विमान माणसाच्या पळण्याइतकंच निघालं, तरी नाक उजवीकडं सरकलं. तिनं डावा पाय दाबला.

"सोड. लगेच सोड."

तिनं सोडला, पण उशिरा. नाक डावीकडं निघालं ते थांबेना. सरांचा पाय आला, तोही उशिरा. विमान अर्धवट फिरलं, एक पंख गवताच्या शेंड्यांपर्यंत झुकला आणि कसाबसा वर आला. तिनं इंजिन बंद केलं.

पंख्याची शेवटची फडफड थांबली. मेकॅनिक लांबून धावत येत होता.

"सर, गुडघा?"

"बोंबलतोय." त्यांनी श्वास सोडला. "वेग असता तर दोघंही पंखाखाली असतो. उतर आणि शेपटी धरून सरळ कर."

"आणि माझी पाळी?"

"ती दुसऱ्याला. तू उद्या ये. परवाही ये. जमिनीवरच."

ती उतरली, मागं गेली आणि दोन्ही हातांनी शेपटी धरून विमान रेषेत आणू लागली.